मानसिक आजाराच्या गोळ्या आणि आपले घर

धाराशिव जिल्ह्यातील मानसिक रुग्णाला एके काळी पार येरवड्याला न्यावे लागे. आता जिल्हा रुग्णालयातून गोळ्या मिळतात, रुग्ण घरीच राहतो. सोय झाली. पण दवाखान्याच्या कपाटातले औषध आता आपल्या फळीवर, लेकरांच्या हाताशी आले आहे. म्हणून माताभगिनींशी आम्हाला थोडे बोलायचे आहे.

मोठ्या माणसाचे भास थांबवणारी गोळी लहान लेकराने गिळली तर ते गुंगीत जाते. क्लोझापिनची एक गोळीही चिमुरड्याच्या जिवावर बेतू शकते. हॅलोपेरिडॉलने मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जबडा आखडतो. गोळी गेल्याचे कोणी पाहिलेले नसते. मग ‘बाहेरचे लागले’ म्हणून लेकराला देवऋष्याकडे नेतात! ही कसली बाधा नव्हे, औषधाचा परिणाम आहे, आणि दवाखान्यातल्या इंजेक्शनने ती आखडलेली मान बहुधा लवकर सुटते. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. १०८ ला फोन करावा व औषधाचे पाकीट सोबत न्यावे.

म्हणून गोळ्या कुलपाच्या पेटीत ठेवाव्यात आणि किल्ली घरातील एका जबाबदार माणसाकडे असावी. रोजची गोळी त्यानेच हातावर द्यावी. निराशेच्या भरात रुग्ण महिन्याच्या गोळ्या एकदम घेण्याचा धोका असतो. फवारणीचे औषध कुलपात ठेवतो, तसेच हेही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पाकिटावर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. पत्र्यालगतची फळी, चुलीजवळचा कोनाडा, मोरीचा कट्टा नको. खोलीतल्या सावलीच्या, कोरड्या कोपऱ्यात पेटी ठेवावी. गोळ्या सोलून पुडीत बांधू नयेत, ओल धरतात.

भूम, वाशी, कळंबकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण मोठी. कोपीला दारच नसते, तिथे कुलूप कशाला लावणार? त्यांनी लहानसा कुलपाचा डबा न्यावा. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स घ्यावी.

गोळ्या उरल्या तर आधी का उरल्या ते पाहावे. चुकल्या असतील तर डॉक्टरांना सांगावे. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत, शेजारच्या रुग्णालाही देऊ नयेत. मुदत संपलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या तर शेळ्या-कोंबड्या खातात, पोरे उचलतात. विहीर, ओढा, चूल यांतही नको. पुढच्या खेपेला त्या दवाखान्यात नेऊन विचारावे. २०१६ च्या नियमांनुसार तेथील बाद औषधांसाठी पिवळी पिशवी असते. नाहीच घेतल्या तर पाकिटातून काढून, न कुटता, वापरलेल्या ओल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवाव्यात, पिशवीला घट्ट गाठ मारून घंटागाडीत द्याव्यात. चिठ्ठीवरचे नाव मात्र आधी फाडावे. लोकांना निमित्तच हवे असते.

रुग्णाची तब्येत बिघडली, मनात वेडेवाकडे विचार येऊ लागले तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.