नोकरी सोडून प्रॉडक्ट डिझाइन? आधी पुठ्ठा कापा!

चाकणला बरी नोकरी, फ्लॅटचा हप्ता चालू आणि डोक्यात एकच किडा: प्रॉडक्ट डिझाइन करावं का? माझ्यासारखे मेकॅनिकलवाले पुष्कळ आहेत. पण दोन वर्षांचा पगार सोडायचा, तर नुसती हौस पुरत नाही बॉस!

पर्याय तगडे आहेत. बंगळुरूच्या आयआयएससीत ‘प्रॉडक्ट डिझाइन अँड इंजिनिअरिंग’ नावाचंच एम.डेस. आहे. पवईच्या आयआयटीत १९६९ पासूनची आयडीसी आहे. तिथल्या प्रवेशासाठी ‘सीड’ ही परीक्षा. तिच्यात स्केचिंगही करावं लागतं.

पण हे आपल्याला जमणार का? मतदान यंत्र आठवा. आतलं सर्किट इंजिनिअरचं. बाहेरच्या रूपामागे आयडीसीचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या. नाव, चिन्ह, शेजारी निळं बटण. दाबलं की दिवा आणि बीप! वाचता न येणाऱ्या आजींनाही कुणाला विचारावं लागत नाही. डिझाइन म्हणजे नुसता चकाचक लुक नव्हे, तो हा फंडा.

म्हणून मी मिक्सरचं झाकण घेतलं. तिघांना वापरताना पाहिलं, वीस स्केचेस काढली, पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. आईने तीन मॉडेल्स नापास केली. चौथं करताना मजा आली. मी फॉर्म भरतोय.

तुम्हीही एक रविवार द्या. नापास झाल्यावर पुन्हा कात्री उचलावीशी वाटली, तर अर्ज करा. आकडेमोडीतच जास्त रमलात, तर एम.टेक. झकास आहे!