पलटणीतला पाद्री : युद्धकादंबऱ्यांतील श्रद्धा आणि शंका

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे फौजी घरे आपल्याला नवीन नाहीत. आम्ही बँकेत असताना दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी माजी सैनिकांची रांग लागायची. एकदा एका सुभेदार काकांना आम्ही सहज विचारले, "लढाईत देव आठवतो का हो?" ते म्हणाले, "आठवतोय की साहेब. पण शेजारचा पोरगा गेला की त्याच देवाचा रागही येतोय." हे उत्तर आमच्या मनात राहून गेले. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा युद्धावरच्या गाजलेल्या कादंबऱ्यांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटला.

आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू असतात. युरोप-अमेरिकेच्या सैन्यांतही पलटणीबरोबर पाद्री असतो. त्याची अडचण अशी की पगार लष्कराचा आणि चाकरी देवाची. हेड ऑफिस आणि खातेदार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या शाखाधिकाऱ्याला ही अडचण चटकन समजेल! कादंबरीकारांनी श्रद्धेची परीक्षा घ्यायला नेमका हाच माणूस निवडला आहे. तीन उदाहरणे पाहू.

पहिली कादंबरी चेक लेखक यारोस्लाव हाशेक यांची, श्वेइक नावाच्या शिपायाची. १९२१ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. १९२३ मध्ये लेखक वारले आणि ती अपुरी राहिली. पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात ही कथा घडते. त्यातला पाद्री ओटो काट्झ दारूच्या नशेत प्रार्थना चालवतो आणि आपला नोकर श्वेइक याला चक्क पत्त्यांच्या डावात हरतो. त्याला शंका कधी छळत नाही, कारण मुळात श्रद्धाच नाही. वाचताना हसू येते, पण हाशेक यांचा रोख साम्राज्यावर आहे. माणसे मरायला पाठवताना कागदावर शिक्का हवा, तसा त्या राज्याला देवाचा आशीर्वाद हवा होता.

दुसरी कादंबरी अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'अ फेअरवेल टू आर्म्स', १९२९ ची. हेमिंग्वे स्वतः १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवत होते आणि तिथे जखमी झाले होते. कादंबरीतला तरुण पाद्री अब्रुझी या डोंगराळ भागातला. मेसमध्ये अधिकारी रोज त्याची टर उडवतात, तो निमूट सोसतो. नायक हेन्री जखमी होऊन पडतो तेव्हा हाच पाद्री मच्छरदाणी आणि वर्तमानपत्रे घेऊन भेटायला येतो. हेन्री त्याला सांगतो की देवावर प्रेम नाही, पण रात्री कधी कधी त्याची भीती वाटते. पाद्री वाद घालत नाही. प्रेम म्हणजे दुसऱ्यासाठी काही करावेसे वाटणे, एवढेच तो सुचवतो. युद्ध लांबते तसा पुढे तोही खचतो. शेवटी पत्नीसारखी असलेली कॅथरिन बाळंतपणात मरणाच्या दारी असताना हेन्री कळवळून प्रार्थना करतो. ती वाचत नाही. लेखक याचे कसलेही समाधान देत नाहीत.

तिसरी जोसेफ हेलर यांची 'कॅच-२२', १९६१ ची, दुसऱ्या महायुद्धातील. त्यातल्या कर्नलला उड्डाणापूर्वी प्रार्थना हवी असते, ती एवढ्याचसाठी की मासिकात आपला फोटो यावा. साधे शिपाईही त्याच देवाची प्रार्थना करतात हे कळताच त्याचा उत्साह मावळतो. पाद्री टॅपमन भिडस्त, बायकामुलांच्या आठवणीने व्याकूळ; देव आहे की नाही या शंकेने पोखरलेला. तरी वैमानिकांना जादा उड्डाणांतून सोडवावे म्हणून तो चाचरत का होईना, वरिष्ठांपुढे उभा राहतो.

तिन्ही कादंबऱ्या एकत्र पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. देव आहे की नाही, याचा निकाल त्या देत नाहीत. श्रद्धा कोणाच्या उपयोगी पडते, हे त्या तपासतात. काट्झला शंका नाही आणि तो कोणाच्या कामाचा नाही. खचलेला पाद्री आणि शंकेने ग्रासलेला टॅपमन मात्र माणसाच्या बाजूला येऊन बसतात.

आपल्याला हे परके वाटू नये. गीतेची सुरुवातच अर्जुनाच्या विषादाने होते. कृष्णाने त्याची कानउघाडणी केली खरी, पण त्याचे म्हणणे ऐकूनही घेतले. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी सीमेवरून वाईट बातमी येते आणि आई विचारते, "देव कुठे होता?" तेव्हा आपण घाईने "देवाची इच्छा" म्हणून मोकळे होतो. त्यापेक्षा तिचा प्रश्न तिला विचारू द्यावा आणि आपण जवळ बसावे. त्या सुभेदार काकांना देवाचा राग यायचा. पण दाखल्यावर सही करण्यापूर्वी खिशातल्या खंडोबाच्या फोटोला हात लावायला ते कधी विसरले नाहीत.