ओसरीवर थांबलेला पाहुणा

पिवळसर पूड भरलेली छोटी बाटली. तिच्यात निर्जंतुक पाणी सोडायचं, हलवायचं, द्रावण नितळ झालं की सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. आमच्या पिढीच्या भूलतज्ज्ञांची सकाळ अशी सुरू व्हायची. कागदावर तिचं नाव थायोपेंटोन सोडियम; थिएटरात सगळे पेंटोथालच म्हणत. रुग्णाला आकडे मोजायला सांगायचं. एखादा मध्येच तोंडात लसणाची चव आल्याचं सांगे, आणि अर्ध्या मिनिटात मोजणी थांबे.

हे किती मोठं सुख होतं, ते ईथरचे दिवस आठवल्याशिवाय कळत नाही. तोंडावर मास्क, त्यावर थेंब थेंब औषध, घुसमट, मग हातपाय झाडण्याची अवस्था. दोघातिघांनी रुग्णाला दाबून धरायचं. शस्त्रक्रियेपेक्षा त्या मास्कचीच धास्ती लोक आयुष्यभर बाळगत.

पेंटोथाल ज्या बार्बिट्युरेट घराण्यातलं, त्याचं मूळ जर्मनीतलं. आडॉल्फ फॉन बेयर यांनी 1864 मध्ये बार्बिट्युरिक आम्ल तयार केलं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला झोप आणता येत नाही. ते काम त्याच्या वंशजांचं. एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी 1903 मध्ये पुढे आणलेलं व्हेरोनाल झोपेची गोळी म्हणून गाजलं, पण ऑपरेशन टेबलासाठी ते फार संथ होतं. 1932 मध्ये शिरेतून देण्याचं एव्हिपान आलं आणि वाट मोकळी झाली. अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीतले व्होलवायलर आणि टॅबर्न यांनी पेंटोबार्बिटालच्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू काढून तिथे गंधक बसवला; तेच पेंटोथाल. लसणाची चव त्या गंधकाची! 8 मार्च 1934 रोजी मॅडिसनला राल्फ वॉटर्स यांनी ते प्रथम माणसाला दिलं. काही महिन्यांतच मेयो क्लिनिकच्या जॉन लंडी यांनीही ते हाती घेतलं आणि त्याचा प्रसार केला.

गंधकामुळे औषध चरबीत सहज विरघळतं, म्हणून मेंदूत झटकन शिरतं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण हृदयाने फेकलेलं सुमारे 15 टक्के रक्त तो घेतो. तिथे गाबा नावाच्या शांतवणाऱ्या संदेशाला औषध बळ देतं आणि माणूस झोपतो. किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम पुरतं. पाच-दहा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. म्हणून या औषधाला ‘अतिअल्पकालीन’ म्हणत, आणि इथेच फसगत होती.

औषध संपलेलं नसतं. ते माजघरातून उठून ओसरीवर जाऊन बसलेलं असतं. मेंदूतून निघून ते आधी स्नायूंत आणि मग सावकाश चरबीत मुरतं; यकृत त्याला आपल्या संथ गतीने निकालात काढतं. निम्मं औषध बाहेर पडायला बारा-एक तास लागतात. जाग येण्याचं श्रेय मुख्यतः स्नायूंचं, हे हेन्री प्राइस यांनी 1960 मध्ये गणित मांडून दाखवलं. तोवर पुन्हा पुन्हा डोस देऊन लांबलचक झोपा ओढवून घेणारे कितीतरी होते. ओसरी भरली की पाहुण्याला बसायला माजघरच उरतं.

पेंटोथाल वेदना मारत नाही, हाही त्याचा दोष. द्रावण इतकं अल्कधर्मी, की शिरेऐवजी धमनीत गेलं तर बोटं काळी पडायची भीती. म्हणून कोपराशी सुई लावताना आधी ठोका चाचपायचा. स्नायू सैल करणारं स्कोलीन त्याच सिरिंजमध्ये ओढलं तर साका बसलाच.

7 डिसेंबर 1941 च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर एक आख्यायिका पसरली: जपानी बॉम्बपेक्षा पेंटोथालनेच जास्त सैनिक मेले. तिचा उगम हॅलफर्ड या सर्जनच्या 1943 मधल्या लेखात सापडतो. जुन्या नोंदी तपासल्यावर ती फुगवलेली निघाली, तरी आमच्या शिक्षकांनी ती आम्हाला सांगितलीच. मला त्यात वावगं वाटत नाही, कारण तिच्यातला धोका खरा होता. रक्तस्रावाने खचलेल्या शरीरात उरलंसुरलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळलेलं असतं. नेहमीचा डोस तिथे एकवटतो आणि रक्तदाब कोसळतो.

1986 मध्ये दुधासारखं प्रोपोफॉल बाजारात आलं. ते यकृतात भराभर निकालात निघतं, जाग स्वच्छ, उलट्या कमी. पेंटोथालची सद्दी ओसरली. अमेरिकेत तर त्याला वेगळंच ग्रहण लागलं. 1982 पासून तिथे विषारी इंजेक्शनने मृत्युदंड देताना ते पहिलं औषध म्हणून वापरत. 2011 मध्ये उत्पादन इटलीतल्या कारखान्यात हलवू पाहणाऱ्या हॉस्पिरा कंपनीने, इटलीच्या आक्षेपानंतर, ते थांबवूनच टाकलं. याच काळात अमेरिकेतल्या तुरुंगांनी मुंबईच्या एका कंपनीकडून माल मागवला. बोभाटा झाल्यावर कंपनीने तशी विक्री बंद केल्याचं जाहीर केलं.

अतिदक्षता विभागात मात्र त्याला अजून जागा आहे. आकडी कशानेही थांबेना, किंवा डोक्यातला दाब उतरेना, तर काही वेळा दिवसचे दिवस त्याची धार चालू ठेवावी लागते. धार बंद झाली की नातेवाईक दाराशी येतात. ‘औषध तर परवाच थांबवलंत ना, डॉक्टर? मग डोळे का उघडत नाहीत?’ त्यांना सांगावं लागतं की औषध अजून अंगातच आहे. मेंदू मृत झाला का, याची तपासणीदेखील ते उतरेपर्यंत करता येत नाही. मग बाहेरच्या बाकावर तेही थांबतात, आणि आत आम्हीही.