विहिरीच्या खडकासाठी हवेचा हातोडा व छिन्न्यांची निवड

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. या भागात नवी विहीर खोदणे किंवा जुनी विहीर परसभर खोल करणे म्हणजे खडकाशी झुंज घेणे होय. पूर्वी हे काम पहार, घण व सुतकी यांच्या बळावर चाले. आता ते बहुधा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याने केले जाते. विहीर खोल करण्यास उन्हाळ्यातील थोडेच आठवडे मिळतात. त्या काळात खडकाला न मानवणारा हातोडा किंवा त्यात नीट न बसणारी छिन्नी आणल्यास भाडे व मजुरी वाया जाते, आणि विहीर अपुरी राहून पुढील रब्बीचे पाणीही हातचे जाते. यास्तव निवड कशी करावी, हे शेतकरी बंधूंनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम खडक ओळखावा

मुरूम व मऊ मांजऱ्या खडक केवळ ठोक्यांनी सुटतो. त्यासाठी ब्रेकर वापरावा. ब्रेकर छिन्नीवर फक्त ठोके मारतो. छिन्नी फिरवीत नाही. अखंड काळा पाषाण मात्र ब्रेकरला सहसा दाद देत नाही. तेथे जॅकहॅमर लागतो. तो ठोका मारतो व त्याच वेळी पोलादी कांब फिरवितो, त्यामुळे सुरुंगासाठी भोक पडते. सुरुंगाने फुटलेले मोठे दगड फोडण्यास व तळ सारखा करण्यास पुन्हा ब्रेकरच उपयोगी पडतो. विहिरीच्या कडा तासण्यास सात-आठ किलो वजनाचा लहान हातोडा पुरतो. सुमारे ३० किलोचा ब्रेकर तळाशी उभा धरून चालविण्यासाठी आहे. तो आडवा उचलून कडा तासू नयेत.

कॉम्प्रेसरची हवा पुरते काय?

हातोड्यापाशी हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो असावा लागतो. ३० किलोच्या ब्रेकरला मिनिटाला सुमारे १.५ ते २ घनमीटर, तर जॅकहॅमरला सुमारे २.५ ते ३.५ घनमीटर हवा लागते. बाजारात हा हिशेब घनफुटांत सांगतात. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. एका यंत्रापुरत्या कॉम्प्रेसरवर दोन हातोडे जोडल्यास दोन्ही मंद पडतात व डिझेल मात्र तेवढेच जळते. नळी फार लांब किंवा अरुंद असली तरीही दाब घटतो. आतून १९ मिलिमीटरची नळी या कामास सामान्यतः योग्य होय.

छिन्नीचे माप

छिन्नीचा जो भाग हातोड्यात शिरतो, त्यास शँक म्हणतात. तो बहुधा षट्कोनी असतो व त्याचे माप दोन आकड्यांनी सांगतात. पहिला आकडा समोरासमोरच्या दोन बाजूंमधील जाडी, तर दुसरा कॉलरपर्यंतची लांबी दाखवितो. २२×१०८, २५×१०८, २८×१५२, ३२×१५२ व ३२×१६० ही मिलिमीटरमधील मापे नेहमी आढळतात. यांपैकी २२×१०८ हे माप जॅकहॅमरच्या कांबेचेही असते.

मापात थोडाच फरक आहे म्हणून चालवून घेऊ नये. ३२ च्या बुशात २८ ची छिन्नी डुगडुगते. ठोका तिरपा बसून शँक मोडतो व बुश झिजते. १५२ च्या हातोड्यात १६० चा शँक घातल्यास तो आत अधिक शिरतो, आणि दट्ट्याची धाव पूर्ण होण्याआधीच ठोका बसतो. याउलट आखूड शँकपर्यंत ठोका नीट न पोचल्याने त्याचा भार हातोड्याच्या अंगावरच येतो. खरेदीस जाताना जुनी छिन्नी बरोबर न्यावी. नवी छिन्नी सहज सरकावी, पण हलू नये.

कोणते टोक कशासाठी?

कठीण खडकाच्या भेगेत शिरण्यास अणकुचीदार टोक, ठरावीक रेषेवर दगड फोडण्यास अरुंद सपाट धार, आणि माती व मऊ मुरूम काढण्यास रुंद फावडी पाते वापरावे. छिन्नी दगडात अडकल्यास हातोड्याचा पहारीसारखा उपयोग करू नये. बोथट टोक पाणी घालीत सावकाश घासावे. धार निळी पडल्यास पोलादाचे पाणी उतरते. टोक फारच झिजल्यास जाणत्या लोहाराकडून शेवटून घेऊन पुन्हा पाणी देववावे. शँक मात्र तापवू नये.

जिवाची काळजी

छिन्नी बदलण्यापूर्वी हवा बंद करून नळीतील दाब सोडून द्यावा. नळीचे सांधे साखळीने बांधावेत. सुटलेली नळी चाबकासारखी फटकारते. कॉम्प्रेसरचा धूर विहिरीत उतरणार नाही अशा बेताने तो दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास उभा करावा. हा धूर प्राणघातक ठरू शकतो. भोक पाडताना पाणी वापरून धूळ बसवावी. डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे व पायांत भक्कम बूट असावेत. जुन्या सुरुंगाच्या उरलेल्या भोकात पुन्हा कांब कधीही घालू नये. तेथे न उडालेली दारू असू शकते. सुरुंगाचे काम परवानाधारकाकडूनच करवून घ्यावे.

कंत्राट ठरविण्यापूर्वी खडकाचा थर, कॉम्प्रेसरची हवा व शँकचे माप या तीन गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात. एवढी दक्षता घेतल्यास उन्हाळ्यातील मोजके दिवस यंत्राच्या दुरुस्तीत न जाता विहिरीच्या खोलीस लागतील.