घर रिकामे करण्याआधी मोगऱ्याची काडी घ्या

जुने घर पाडायचे ठरले की सामानाची यादी होते. कपाट, पलंग, तांब्याची पातेली, अम्मीची शिलाई मशीन, अब्बांच्या किताबी. न्हाणीमागचा मोगरा त्या यादीत नसतो. तो जमिनीत रुजलेला, म्हणून जागेबरोबर तोही गेला असे सगळे धरून चालतात. आमच्या मोहल्ल्यात एकेक बैठे घर जाऊन तिथे इमारत उभी राहते आहे. नव्या गॅलऱ्यांत नर्सरीतून आणलेल्या कुंड्या दिसतात. ज्या झाडाच्या फुलांनी त्या घरातल्या मुलींचे गजरे झाले, ते झाड मात्र कुठेच नसते.

वास्तविक मोगरा वाचवायला टेम्पो लागत नाही. चार काड्या पुरतात.

आपल्याकडचा भरगच्च पाकळ्यांचा बटमोगरा किंवा हजारी मोगरा सहसा बी धरत नाही. त्याची रोपे काडीपासून किंवा दाब कलमाने होतात. काडीपासून झालेले रोप म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. वास तोच, पाकळ्याही तशाच. म्हणून नानीच्या मोगऱ्याची काडी नातीच्या कुंडीत लागली, की तिथे फुलतो तो नानीचाच मोगरा.

काडी लावायला पावसाळा उत्तम. जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत हवा दमट असते, काडी सुकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येही जमते, पण पाण्याकडे रोज लक्ष हवे. कडक थंडीत आणि मे महिन्याच्या उन्हात हे काम नको. तेव्हा जानेवारीत चावी द्यायची असेल, तर आधीच्या पावसाळ्यातच काड्या घेऊन ठेवाव्यात. सामान बांधायच्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही.

फांदी निवडताना लुसलुशीत हिरवी घेऊ नये आणि जुनी जाड लाकडी झालेलीही नको. मधली, तपकिरी होऊ लागलेली, पेन्सिलीहून थोडी बारीक घ्यावी. वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची. खालचा काप धारदार सुरीने पेराच्या लगेच खाली द्यावा, कारण मुळे पेरापाशी लवकर फुटतात. कळ्या खुडून टाकाव्यात. शेंड्याची दोन पाने ठेवून तीही अर्धी कापावीत. मुळे नसताना पाने पाणी उडवत राहतात आणि काडी वाळते.

कुंडीत निम्मी वाळू, निम्मे कोकोपीट. शेणखत आत्ता नको. त्याने काप कुजतो. दोन पेरे आत जातील अशी काडी खोचून भोवतीची माती बोटांनी घट्ट दाबावी. वर पारदर्शक पिशवी उलटी घालावी, दिवसातून एकदा थोडा वेळ काढावी. जागा उजेडाची, पण थेट ऊन नसलेली. मुळे फुटण्याची पावडर मिळाली तर चांगलेच, नाही तर चारच्या जागी आठ काड्या लावाव्यात. आमचा भरवसा या दुसऱ्या उपायावर अधिक आहे!

यानंतर सब्र लागतो. दोन-तीन आठवड्यांत पेरातून कोवळी पाने डोकावतात आणि घरात आनंदीआनंद होतो. पण ही पाने बहुधा काडीतल्या साठलेल्या अन्नावर फुटलेली असतात. मुळे धरायला पाच-सहा आठवडे लागतात. मुलांना तेवढा धीर नसतो; ती काडी उपटून बघतात आणि नुकती आलेली मुळे तुटतात. यावर शाळेत आम्ही एक सोय केली आहे. पाण्याची प्लास्टिकची बाटली अर्ध्यात कापतो, तळाला भोके पाडतो, त्यात काडी लावून भोवती काळा कागद गुंडाळतो. कागद सोडला की मुळे आली का ते बाहेरूनच कळते.

झाड अंगणात असून हाताशी दोन-तीन महिने असतील, तर दाब कलम अधिक खात्रीचे. जमिनीलगतची लांब फांदी वाकवायची, पेराखाली थोडी साल तासायची, तो भाग मातीने भरलेल्या कुंडीत दाबून वर दगड ठेवायचा. शेंडा बाहेर राहू द्यायचा. मुळे धरेपर्यंत फांदीला आई झाडच पोसते. मग कापून वेगळी करायची.

पाण्याचे म्हणाल तर वजूचे पाणी टबात धरावे. त्यात साबण नसतो, कुंड्यांना चालते. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एक मुद्द, म्हणजे एक लिटरपेक्षाही कमी पाण्यात वजू करीत. आपला नळ किती वाहतो, ते टबात दिसते.

चोरून आणलेली काडी लवकर लागते, असे बायका हसत सांगतात. हे काही खरे नाही. मागून घ्यावी, आणि ज्याच्याकडे झाड आहे त्याने हात आखडू नये. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की कुणी रैहान दिला तर तो नाकारू नये, कारण तो उचलायला हलका आणि वासाला चांगला. रैहान म्हणजे आपल्या तुळशीच्या जातीचे झाड, पण उलमांनी त्यात प्रत्येक सुवासिक वनस्पती धरली आहे.

मुळे धरली की माती, वाळू आणि जुने शेणखत घालून बारा इंची कुंडी भरावी आणि रोप हळूहळू उन्हात सरकवावे. निदान पाच तास ऊन नसेल तर मोगरा पाने देतो, फुले देत नाही. गॅलरी उत्तरेची असेल तर गच्चीची परवानगी सोसायटीकडे आधीच मागावी. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून छाटणी करावी. फुले नव्या फुटीवर येतात, आणि उन्हाळ्यात बहर धरतो.

ज्यांचे घर आणि झाड दोन्ही गेले, त्यांनी नातेवाइकांकडे चौकशी करावी. सासरी जाताना फूफीने, खालाने एखादी काडी नेलेली असते. ती कुठल्या तरी अंगणात फुलत असेल, तर येत्या पावसाळ्यात तिथूनच चार काड्या मागून आणाव्यात.