लाल निशाण आणि कड्याची वाट

श्रोतेहो, शाळेची सहल काढायची म्हटले की गुरुजींच्या डोळ्यांपुढे प्रथम एखादा किल्ला उभा राहतो. पोरांनाही तेच हवे असते. पहाटेची एस. टी., फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी आणि दुपारपर्यंत बुरुजावर. पण महाराष्ट्रात असेही काही डोंगर आहेत की ज्यांच्या पायथ्याशी एखाद्या दिवशी लाल निशाण फडकत असते आणि त्या दिवशी तिथून पुढे पाऊल टाकायचे नसते. तो मुलूख चांदमारीचा. चांदमारी हा शब्द शहरात फारसा कानांवर येत नाही, खेड्यात मात्र तो अजून जिवंत आहे. तोफा-बंदुकांच्या नेमाचा सराव चालतो ती जागा म्हणजे चांदमारी. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे मोठे शिक्षणकेंद्र आहे. तिथला बहुला किल्ला अशाच सरावाच्या टापूत येतो, आणि परवानगीवाचून तिकडे जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मग लष्कराची जमीन म्हणजे कायमचे कुलूप, असे समजायचे का? मी भूगोल शिकवतो, आणि विद्यार्थ्यांबरोबर दोर घेऊन कडे चढण्याचा नादही मला आहे. त्यामुळे हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी मी तुम्हांला थोडा वेळ दूर, वेल्स देशाच्या समुद्रकाठी नेणार आहे. कारण तिथे तोफा आणि कडे चढणारी माणसे एकाच जमिनीवर नांदतात, आणि ते कसे साधले हे पाहण्यासारखे आहे.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रोकशायर नावाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर चुनखडीचे कडे सरळ समुद्रात उतरलेले आहेत. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. हे कडे करडे-पांढुरके, आणि त्यांत लाटांनी कोरलेल्या घळी, कमानी नि सुळके. या कड्यांच्या माथ्यावरच कासलमार्टिन नावाची रणगाड्यांची चांदमारी आहे. तिचा विस्तार सुमारे सहा हजार एकर. 1938 साली सरकारने ही जमीन त्यासाठी घेतली. तोवर ती शेतीची जमीन होती, तिथे घरे होती, गोठे होते. महायुद्ध संपल्यावर जमीन पुन्हा शेतीकडे वळली. परंतु कोरियाचे युद्ध पेटले आणि 1951 मध्ये तोफा परत आल्या, त्या आजतागायत आहेत. 1961 ते 1996 पर्यंत तर जर्मन रणगाडेही तिथे सरावाला येत असत. ज्यांच्याशी लढण्यासाठी जमीन घेतली, त्यांनाच पुढे ती वापरायला दिली! इतिहास असा चमत्कारिक असतो.

कडे चढणाऱ्यांना ही जागा म्हणजे पंढरीच. तिथे एक अरुंद, खोल घळ आहे. तिला 'शिकाऱ्याची उडी' असे नाव आहे. दंतकथा अशी की, एका शिकाऱ्याने भरधाव घोड्यावरून ती घळ ओलांडली, आणि मग मागे वळून आपण काय ओलांडले ते पाहताच धसक्याने त्याने प्राण सोडला. जवळच कड्याच्या खोबणीत सेंट गोव्हन नावाच्या साधूचे चिमुकले दगडी प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या पायऱ्या उतरताना मोजल्या तर एक संख्या येते आणि चढताना मोजल्या तर दुसरी, असे लोक सांगतात. (आपल्याकडे अशी देवळे किती तरी आहेत. पायऱ्या मोजताना दम लागला की हिशेब चुकतो, एवढेच त्यातले रहस्य असावे.) चांदमारीच्या दिवशी या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरही अडसर पडतो. देव आत आणि भक्त बाहेर.

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. या क्षेत्राचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग मानले आहेत. पूर्वेकडील भागात नियम सोपा आहे. गोळीबाराचे दिवस आणि वेळा आगाऊ जाहीर होतात, जवळच्या गावात वेळापत्रक लागते. सराव असेल तेव्हा दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा. निशाण नसेल तर कोणीही यावे, किनाऱ्याच्या वाटेने चालावे, दोर लावून कडा चढावा. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी सहसा गोळीबार नसतो, तेव्हा कष्टकरी माणसालाही संधी मिळते. पश्चिमेकडील भागाची गोष्ट निराळी. तिथे जमिनीत न फुटलेला दारूगोळा असण्याचा धोका अधिक. म्हणून निशाण नाही एवढ्यावर आत जाता येत नाही. चढणाऱ्याने आधी सुरक्षिततेची माहिती समजून घ्यायची, तसा पास मिळवायचा, आणि तोही दरसाल नव्याने. शिवाय नेमून दिलेल्या वाटा सोडायच्या नाहीत.

हे सगळे आपोआप झालेले नाही. 1944 साली स्थापन झालेली ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल ही तिथल्या गिर्यारोहकांची मध्यवर्ती संस्था. तिने लष्कराशी बोलणी करून, आमचे लोक नियम पाळतील अशी हमी आपल्या अंगावर घेऊन, हळूहळू ही मोकळीक मिळवली. सेनाधिकाऱ्याला हजार अनोळखी माणसांशी करार करता येत नाही. जबाबदार अशा एका संस्थेशी करता येतो. आपल्याकडच्या गिरिभ्रमण मंडळांनी यातली मेख ध्यानात घ्यावी असे मला वाटते. जो तो आपापली ओळख काढून, कुणा साहेबाच्या चिठ्ठीवर आत शिरतो, आणि पुढच्याची वाट बंद करून येतो.

या करारात तिसरा पक्षही आहे, तो पाखरांचा. वसंतात समुद्रपक्षी त्या कड्यांच्या कपारींत हजारोंनी अंडी घालतात. चढणारा माणूस अंगावर आला की पक्षी बिथरून उडतो आणि अंडे खाली घरंगळते. म्हणून साधारणपणे मार्चपासून जुलै-ऑगस्टपर्यंत काही कडे चढणाऱ्यांना बंद असतात, मग तोफा चालू असोत वा नसोत. मौजेची गोष्ट अशी की, तोफांमुळेच तिथे नांगर, खते आणि हॉटेले पोचली नाहीत, आणि त्यामुळे रानफुले नि पाखरे टिकून राहिली. हिवाळ्यात डोंगराळ भागातले मेंढपाळ आपली मेंढरे तिथे चरायला आणतात. म्हणजे रणगाडे, मेंढरे, पक्षी आणि दोरवाले, सारे एकाच रानात, आपापल्या पाळीने.

पण श्रोतेहो, यात एक शल्य आहे आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. माझ्यासारख्याला आत जाता आले नाही तर फार तर एक रविवार बुडतो. ज्याची जमीन जाते त्याचे सारेच बुडते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, के. के. रेंज या सरावक्षेत्राभोवतालच्या राहुरी, पारनेर भागातील गावांना ही धास्ती ठाऊक आहे. तेव्हा कडा चढण्याची मोकळीक मागताना, शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याच्या पंक्तीला जाऊन बसण्याचा आव आपण आणू नये.

आपल्याकडे याबाबत कायदा आहे, तोही 1938 सालचाच. लष्करी हालचाली, मैदानी गोळीबार आणि तोफांचा सराव यांसंबंधीचा तो कायदा. सरावासाठी क्षेत्र अधिसूचनेने जाहीर करावे लागते. त्यातला धोक्याचा पट्टा ठरल्यावर तेथून माणसे आणि गुरे हलवण्याची जबाबदारी कलेक्टरवर येते. आणि पिकाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. झारखंडातील नेतरहाटच्या आदिवासींनी अशाच एका अधिसूचनेविरुद्ध सुमारे तीस वर्षे लढा दिला, आणि 2022 मध्ये तिची मुदत पुढे वाढवायची नाही असे तिथल्या राज्य सरकारने ठरवले. गावच्या शिक्षकाला या कायद्याची निदान तोंडओळख तरी असावी, कारण गावात सरकारी कागद आला की तो वाचून दाखवायला लोक त्याच्याकडेच येतात.

आता न फुटलेल्या गोळ्याविषयी थोडे. सारे निर्बंध शेवटी त्याच्यामुळेच आहेत. तोफेच्या गोळ्याच्या टोकाला किंवा बुडाशी एक यंत्र असते. गोळा आपटला की ते आतल्या दारूला चेतवते. परंतु जमीन चिखलाची असली, गोळा आडवा पडला किंवा यंत्रातच खोट असली, तर तो फुटत नाही, नुसता रुततो. काही गोळे तळ्यावर मुले भाकऱ्या काढतात तसे जमिनीवरून उसळी मारत भलतीकडेच जातात. असा गोळा वर्षानुवर्षे मातीत पडून राहतो. गंज चढला म्हणजे तो मेला, असा पुष्कळांचा समज आहे. तो साफ चुकीचा. आतली दारू तशीच असते, आणि चेतवणारा भाग कधी कधी जुना झाल्यावर अधिकच नाजूक होतो. पावसाळ्यात माती वाहते, ओढ्याला लोंढा येतो, आणि उन्हाळ्यात जिथे काही नव्हते तिथे दिवाळीत लोखंड उघडे पडते. भंगाराच्या चार पैशांसाठी असे लोखंड उचलून, ठोकून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यांत मुलेही असतात. निशाण खाली आले म्हणजे तोफ थांबली, एवढाच त्याचा अर्थ. जमिनीबद्दल निशाण काही सांगत नाही.

हे मी स्वतः शिकलो ते एका गुराख्याकडून. काही वर्षांपूर्वी अकरा मुलांना घेऊन मी अशाच एका किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो. चौकशी केली होती, पण ती ऐकीव. एका ओळखीच्या गृहस्थांनी "खुशाल जा" म्हटले होते. निशाण नव्हते. मुले ओढ्यातून सरळ कड्याकडे निघाली, तोच वरच्या बांधावरून हाक आली, "ओ मास्तर, पोरं माघारी बोलवा!" म्हातारा खाली आला. ओढ्याच्या वाळूत, आमच्या वाटेपासून दहा-बारा पावलांवर, तांबूस नळकांड्यासारखे काहीतरी अर्धवट वर आले होते. त्याने त्याच्याकडे बोट केले, जवळ मात्र गेला नाही. "दोन दिस झालं दिसतंय. पाटलानं चौकीवर कळवलंय. आमची गुरं बी हिकडून न्हेत न्हाई." मी विचारले, "मग बाबा, तुम्ही गुरे नेता कुठून?" तो म्हणाला, "वळखीच्या वाटंनं. आन् वाट बदलली की आदी माणूस इचारतो, मंग गुरू जातं."

आम्ही जसे आलो तसेच, एकामागे एक, आपापल्याच पावलांवर पाऊल ठेवीत मागे फिरलो. मुले हिरमुसली होती. दोघे-तिघे तर मास्तर भित्रे आहेत असे आपसांत म्हणतही होते. मी ऐकले न ऐकलेसे केले. त्यानंतर मी रीतसर अर्ज केला. सहलीची तारीख, मुलांची नावे, जाण्याची वाट, परतण्याची वेळ असे सारे त्यात लिहिले आणि एक प्रत ग्रामपंचायतीला दिली. उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्यात एका रविवारची सकाळ दिली होती, वाट आखून दिली होती आणि दुपारी दोनच्या आत खाली येण्याची अट होती. त्या दिवशी अकरांपैकी नऊ मुले आली. कडा चढून आम्ही टाक्याचे पाणी प्यालो, आणि पावणेदोनला बांधावर पोचलो तेव्हा तो म्हातारा गुरे घेऊन तिथेच बसला होता. त्याने आमची डोकी मोजली.