बुद्धिबळाचा पट: नवशिक्यांसाठी तोंडओळख

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा गोव्यात पार पडली. तेव्हापासून डिचोलीतील माझ्या दवाखान्यात येणारे पालक मला औषधाच्या चिठ्ठीबरोबर घोड्याची चालही विचारू लागले आहेत. गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल आणि महिला ग्रँडमास्टर भक्ती कुलकर्णी यांची नावे मुलांना ठाऊक असतात; नियम मात्र अर्धवट ठाऊक असतात. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

पटावर आठ गुणिले आठ अशी चौसष्ट घरे असतात. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर यावे. कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या शेजारी घोडे, मग उंट आणि मध्यभागी राजा व वजीर. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा वजीर काळ्या घरात. पुढच्या रांगेत आठ प्यादी. पहिली खेळी नेहमी पांढऱ्याची.

हत्ती उभा-आडवा, उंट तिरका आणि वजीर या दोन्ही प्रकारांनी हवा तितका चालतो. मात्र वाटेतील मोहरे त्यांना ओलांडता येत नाही. राजा कोणत्याही दिशेला एकच घर सरकतो, पण शत्रूच्या माऱ्यातील घरात त्याला जाता येत नाही. घोडा अडीच घरे, म्हणजे दोन घरे सरळ व एक घर बाजूला जातो आणि मधली मोहरी ओलांडतो. प्यादे पुढे एक घर चालते व तिरके मारते. मूळ जागेवरून ते दोन घरेही जाऊ शकते. शेवटच्या रांगेत पोचल्यावर त्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो.

राजावर हल्ला झाला की शह. तो तीन प्रकारे चुकवता येतो: राजा हलवून, मध्ये मोहरे घालून किंवा हल्लेखोर मारून. यांपैकी एकही उपाय उरला नाही की मात. शह नसताना एकही वैध खेळी उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. वजीर हाती असूनही घाईपोटी जिंकलेला डाव असा घालवणारे अनेक असतात.

राजाच्या सुरक्षेसाठी किल्लेकोट करतात. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि तो हत्ती राजाला ओलांडून त्याच्या शेजारी बसतो. राजा व तो हत्ती पूर्वी हललेला नसावा, मधली घरे मोकळी असावीत, आणि राजा शहात नसावा किंवा माऱ्याच्या घरातून जाऊ नये. शेवटचा नियम शिस्तीचा: खेळण्याच्या हेतूने हात लावलेले मोहरे हलवावेच लागते.

हे सारे मी उशिरा शिकलो. पेडण्याच्या आमच्या घरच्या ओसरीवर वडिलांनी मला जुन्या देशी पद्धतीचा खेळ शिकवला होता. त्यात प्यादे एकच घर चाले. शाळेत असताना एका स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि ‘हा फसवतो आहे’ म्हणून मी ओरडलो. पंचांनी नियम समजावला. वडील दाराशी उभे होते. त्याच रात्री त्यांनी कंदिलाजवळ पट मांडला आणि म्हणाले, “चूक माझी. आता आपण दोघेही नव्याने शिकू.” पन्नाशीला टेकलेल्या माणसाने मुलासमोर असे म्हणणे किती कठीण असते, हे वैद्यकीय व्यवसायात जुनी औषधयोजना सोडून देताना मला वारंवार उमगले.

आज त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. बुद्धिबळाने विस्मरण टळते, असे मी डॉक्टर म्हणून सांगणार नाही. त्यांचे टळलेले नाही. माझे नाव त्यांना कधी आठवते, कधी नाही. तरी रविवारी मी पट मांडला की घोडा बरोबर अडीच घरे जातो. प्यादे मात्र ते पुन्हा एकच घर चालवतात. मी दुरुस्त करीत नाही. मीही माझे प्यादे एकच घर पुढे टाकतो.

आपल्या मुलांना मात्र नियम नीट शिकवा. आणि शिकवताना आपले चुकले, तर तसे त्यांच्यासमोर मोकळेपणाने सांगा.